कपाटात फ्लॅक, गाडीत एमपी३

प्रश्न: माझ्याकडे चारशेच्या आसपास ऑडिओ सीडी आहेत. निम्म्याहून जास्त शास्त्रीय गायनाच्या, बाकी नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं. ओळखीतल्यांनी घरगुती मैफलींच्या राइट करून दिलेल्याही बऱ्याच आहेत. सीडी प्लेअर बंद पडला, दुरुस्त करणारा मिळत नाही. मुलगा म्हणतो, "३२०चं एमपी३ कर आणि मोकळी हो." कॉम्प्युटरवाला म्हणतो, वेव्ह फाइलच ठेवा, बाकी सगळ्यात आवाज मरतो. लॅपटॉप विंडोजचा आहे, यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतलाय. ऐकणार ते घरी स्पीकरवर आणि गाडीत पेनड्राइव्हवर. मुलीकडे आयफोन आहे. वय पासष्ट. कोणता फॉरमॅट घेऊ? आणि काम झालं की सीडी काढून टाकू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: मुलाचं म्हणणं गाडीपुरतं बरोबर आहे आणि कॉम्प्युटरवाल्याचं कपाटापुरतं, म्हणजे जपून ठेवायच्या मूळ प्रतीपुरतं, फक्त त्यांनी नाव चुकीच्या फाइलचं घेतलं. कपाटात वेव्ह नको, फ्लॅक ठेवा, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता जागा वाचवणारा फॉरमॅट. चारशे सीडी एकेक करून ड्राइव्हमध्ये घालण्याचं काम माणूस आयुष्यात एकदाच करतो. त्या एका वेळी सीडीवरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. गाडीसाठी, फोनसाठी लागतील त्या लहान फाइली मग त्या मूळ प्रतीवरून कधीही, रात्रभरात, सीडीला हात न लावता काढता येतात. आज एमपी३ केलं आणि पाच वर्षांनी दुसरं काही हवं झालं, तर पुन्हा सगळ्या सीडी काढून बसावं लागेल. एमपी३चं फ्लॅक करून उपयोग नाही. फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही.

आधी आकडे पाहू, म्हणजे जागेची भीती जाईल. सीडीवर आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापं असतात, दोन चॅनेल, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं. हिशेब केला की सेकंदाला १४११ किलोबिट, म्हणजे तासाला सुमारे ६३५ एमबी. वेव्ह फाइलीत हे सगळं तसंच ओतलेलं असतं. फ्लॅक मागच्या मोजमापांवरून पुढच्याचा अंदाज बांधतं आणि अंदाज जेवढा चुकला तेवढीच चूक लिहून ठेवतं. वाजवताना अंदाज अधिक चूक म्हणजे मूळ आकडा, बिटन् बिट तोच. जागा मात्र बहुतेक वेळा निम्मी ते साठ टक्के लागते. तासाची सीडी सरासरी ३५० एमबी धरली, तर तुमच्या चारशे सीडी १४० जीबीत बसतात. आज मिळणाऱ्या लहानात लहान पोर्टेबल हार्डडिस्कवरही एवढी जागा असते.

वेव्ह नको म्हणण्याचं कारण फक्त जागा नाही. वेव्हमध्ये गायक, राग, ताल ही माहिती नीट साठवण्याची सर्वमान्य पद्धत नाही. एका प्रोग्रॅमने लिहिलेलं दुसऱ्याला दिसत नाही. शिवाय फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे त्याच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक छोटा ओळख-आकडा, लिहिलेला असतो. दहा वर्षांनी डिस्क खराब होऊन एखादी फाइल बिघडली, तर तपासणीत तो ठसा जुळत नाही आणि बिघाड लगेच कळतो. वेव्ह बिघडली तर ती ऐकेपर्यंत पत्ता लागत नाही.

फ्लॅक करताना ० ते ८ अशा पातळ्या दिसतील. त्यांचा आवाजाशी काहीही संबंध नाही. फक्त फाइल किती घट्ट बांधायची आणि त्याला किती वेळ द्यायचा एवढाच फरक. ५ असू द्या, ८ केलंत तर थोडी जागा वाचेल. ॲपलचं एएलएसी हेही असंच बिनतोट्याचं आहे. घरात सगळंच ॲपलचं असतं तर तेच सुचवलं असतं. फ्लॅकवरून एएलएसी आणि उलट, दोन्हीकडे काही हरवत नाही, त्यामुळे या निवडीत अडकून पडू नका.

आता खरं काम. फॉरमॅट ठरवायला पाच मिनिटं पुरतात. सीडी चुका न होता वाचणं आणि वाचलेल्याला नीट नाव देणं, यात महिने जातात आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं.

पहिली चूक अगदी सुरुवातीची. विंडोजमध्ये सीडी उघडली की सीडीए नावाच्या फाइली दिसतात. त्या ओढून हार्डडिस्कवर टाकल्या की काम झालं असं वाटतं. त्या फाइली प्रत्येकी ४४ बाइटच्या असतात. त्यांत गाणं नसतं, गाणं सीडीवर कुठे सुरू होतं एवढा पत्ता असतो. सीडी बाहेर काढली की सगळं मुकं. मात्र त्याच खिडकीत थेट एमपी३ फाइली दिसल्या, तर ती 'शंभर गाणी एका सीडीत'वाली सीडी आहे. ती नुसती कॉपी करा, तशीच ठेवा, तिचं फ्लॅक करू नका.

गाण्याची सीडी आणि फाइलींची सीडी यांत एक मोठा फरक आहे. फाइलींच्या सीडीवर चुका दुरुस्त करणारा एक जादा थर असतो. वाचताना गडबड झाली तर कॉम्प्युटर स्पष्ट सांगतो, कॉपी होत नाही. गाण्याच्या सीडीवर तो जादा थर नाही. ओरखड्यापाशी प्लेअर शेजारच्या मोजमापांवरून अंदाजाने खड्डा बुजवतो आणि पुढे जातो. साधा प्रोग्रॅमही तेच करतो आणि शंभर टक्के झालं म्हणून सांगतो. 'टक्' असा आवाज नंतर, ऐन तानेत ऐकू येतो. म्हणून पुन्हा पुन्हा वाचून खात्री करणारा प्रोग्रॅम हवा.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी घ्या. तो फुकट आहे. दिसायला जुनाट, पण कामात चोख. पहिल्यांदा सुरू केल्यावर तो तुमच्या ड्राइव्हची परीक्षा घेतो. तेव्हा कंपनीने छापलेली, चांगल्या स्थितीतली, शक्यतो गाजलेली सीडी आत असू द्या. ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'सिक्युअर मोड' निवडा. ड्राइव्ह वाचलेला आवाज स्वतःजवळ साठवून ठेवत असेल, तर तसं सांगणाऱ्या चौकोनात खूण हवीच, नाहीतर दुसऱ्यांदा वाचल्यासारखं दाखवून तो साठवलेलंच परत देतो आणि तपासणीला अर्थ उरत नाही. 'सी२' नावाची सोय बंद ठेवा. चूक कुठे झाली हे ड्राइव्हने स्वतःच सांगावं अशी ती सोय आहे आणि सगळे ड्राइव्ह त्या बाबतीत प्रामाणिक नसतात.

मग 'ॲक्युरेटरिप'. हा जगभरच्या लोकांनी वाचलेल्या सीडींच्या ठशांचा साठा आहे. तुमचा ट्रॅक वाचून झाला की त्याचा ठसा तिथल्या ठशांशी ताडून पाहिला जातो. दोन-चार अनोळखी माणसांच्या वेगळ्या ड्राइव्हनी तीच सीडी अगदी तशीच वाचली असेल, तर तुमची प्रत बरोबर आहे, यापुढे शंका नको. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह काही मोजमापं अलीकडून किंवा पलीकडून वाचायला सुरुवात करतो. कोणी सहा मोजमापं, कोणी ६६७. कानाला हे कळणं शक्य नाही, ६६७ मोजमापं म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी पंधरा. पण ठसे जुळायचे तर ही दुरुस्ती भरावी लागते. साठ्यात असलेली एखादी सीडी घातली की प्रोग्रॅम ती स्वतः शोधून भरतो.

मराठी सीडी सगळ्याच त्या साठ्यात सापडतील असं नाही आणि घरी राइट केलेल्या तर नाहीतच. तिथे 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळच्या ठशांचे आकडे शेजारी दिसतात. जुळले की पुढे चला. जुळले नाहीत तर तो ट्रॅक कागदावर टिपून ठेवा आणि बाकीची सीडी होऊ द्या. प्रत्येक सीडीसोबत तयार होणारी लॉग फाइल त्याच फोल्डरमध्ये राहू द्या, चार केबींची असते.

न जुळणारे ट्रॅक घेऊन नंतर एकत्र बसा. सीडी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका. भोकाकडून कडेकडे गेलेला ओरखडा ट्रॅकला एका जागी छेदतो आणि तेवढं सीडीच्या दुरुस्तीच्या गणिताला भरून काढता येतं. ट्रॅकच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग मजकूर खातो. मग वाचण्याचा वेग कमी करा. तरीही नाही झालं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला. हा उपाय सगळ्यात जास्त लागू पडतो, कारण एक ड्राइव्ह अडखळतो तिथे दुसरा सहज जातो. जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह कोणाकडे पडून असेल तर मागून आणा. एकच ट्रॅक तासाभरापेक्षा जास्त चघळला जात असेल तर थांबवा, ड्राइव्ह उगाच तापतो. सीडी गाजलेली असेल तर 'क्यूटूल्स' हा प्रोग्रॅम त्याच्या साठ्यातल्या दुरुस्तीच्या माहितीवरून थोडंफार बिघडलेलं भरून काढतो.

ओरखडा छापील बाजूला असेल तर पॉलिश वगैरेच्या नादी लागू नका. चमकणारा ॲल्युमिनियमचा थर खालच्या बाजूला नाही, छापील बाजूच्या वार्निशच्या लगेच खाली असतो. सीडी उजेडासमोर धरून पाहा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा मजकूर गेलाच. कागदी लेबल चिकटवलेल्या सीडींचं लेबल उपटू नका, त्याबरोबर तो थरच निघतो. त्या सीडी जड बाजूने डगमगतात, त्या कमी वेगानेच वाचा.

यूएसबीचा ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, हबवर नको. वीज कमी पडली की ड्राइव्ह मधेच गायब होतो आणि दोष सीडीला लागतो.

नावांकडे वळू. प्रोग्रॅम इंटरनेटवरून ट्रॅकची नावं आणेल. शास्त्रीय संगीताच्या बाबतीत ती कशी येतात हे एकदा पाहाच, 'ट्रॅक १', 'विलंबित', नाहीतर रागाचं नाव गायकाच्या जागी. ते हाताने सुधारावं लागतं, पळवाट नाही. पहिल्या दहा सीडी करण्याआधी वहीत नियम लिहा आणि शेवटपर्यंत मोडू नका. शास्त्रीय ट्रॅकचं नाव 'राग – बंदिशीचे पहिले शब्द – ताल' या क्रमाने ठेवा. नाट्यपदासाठी आधी पद, मग नाटकाचं नाव. संगीतकार आणि गीतकार त्यांच्या त्यांच्या रकान्यात. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि रोमन लिपीतलं नाव ही कॉम्प्युटरला तीन वेगळी माणसं वाटतात. 'पं.' लावलंत तर सगळे पंडित 'प'खाली रांगेत उभे राहतात. उपाध्या नावातून काढा, अनादर होत नाही. वेगवेगळ्या गायकांच्या सीडीला 'अल्बम आर्टिस्ट'च्या रकान्यात 'विविध कलाकार' लिहायला विसरू नका, नाहीतर बारा गाण्यांचे बारा अल्बम होतील.

सीडीच्या पुस्तिकेत साथीदारांची नावं असतात, तबला कोणाचा, हार्मोनियम कोणाचं, तंबोऱ्यावर कोण. ही माहिती इंटरनेटवरच्या साठ्यांत फार क्वचित असते. ती 'कॉमेंट'मध्ये टाका आणि पुस्तिका ३०० डीपीआयवर स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. घरगुती मैफलींच्या सीडींवर स्केचपेनने लिहिलेली तारीख, गाव, यजमान हेही उतरवा. तुमच्यानंतर ते कोणालाच सांगता येणार नाही.

फ्लॅकमध्ये देवनागरी बिनधोक चालते. गाडीच्या स्टिरिओवर मात्र बऱ्याचदा चौकोनांची रांग दिसते. म्हणून गाडीच्या प्रतीत नावं रोमन लिपीत टाकली तरी चालेल, मूळ प्रत देवनागरीत राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नातला तोट्याचा फॉरमॅट. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतं. शेजारच्या मोठ्या आवाजाखाली कानाला जे ऐकू येणार नाही असं त्याला वाटतं, तो भाग. जागा पुरेशी दिली तर अंदाज बहुधा बरोबर ठरतो. कमी दिली की खुणा दिसतात. एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे करून त्यांतले आकडे ढोबळ करतं आणि त्या ढोबळपणाची खरखर त्या सगळ्या तुकड्यावर पसरते. टाळ किंवा झांज वाजण्याच्या किंचित आधी 'फस्' असं काहीतरी आलं, तबल्याच्या किनारीचा बोल बोथट झाला, तर हेच कारण. १२८ किलोबिटच्या जुन्या फाइलींत टाळ्यांचा कडकडाट पाण्याखालून आल्यासारखा वाटतो, तोही यामुळेच.

लेम हा एमपी३ तयार करणारा प्रोग्रॅम घ्या आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट (मुलाचे ३२० तेच), ठरावीक न ठेवता गुणवत्ता ठरवा. 'व्ही-२' म्हणजे सरासरी १९० किलोबिट, 'व्ही-०' म्हणजे सुमारे २४५. गाडीत इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज असतो, तिथे व्ही-२ पुरेसं. जागा असेल तर व्ही-० करा. ३२० केलंत म्हणून बिघडत नाही, पण व्ही-०पेक्षा जास्त ऐकू येईल असंही नाही, पेनड्राइव्ह लवकर भरतो इतकंच. जुना स्टिरिओ बदलत्या बिटरेटच्या गाण्याचा वेळ चुकीचा दाखवतो. तसं झालं तर ठरावीक २५६ करा.

कान किती पारखतात याचं कुतूहल असेल तर 'फूबार२०००' या फुकट प्रोग्रॅममध्ये आंधळ्या चाचणीची जोड मिळते. फ्लॅक आणि त्यावरून काढलेलं व्ही-२ नाव झाकून ऐकवलं जातं. सोळा वेळा ओळखा. निव्वळ अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. बारा आले तर व्ही-० घ्या. नाही आले तर ३२०चा वाद घरात पुन्हा काढू नका.

नाट्यसंगीताच्या बऱ्याच सीडी जुन्या ७८च्या तबकड्यांवरून केलेल्या असतात. दोन्ही चॅनेलमध्ये अगदी तोच आवाज असेल तर फ्लॅक दुसरा चॅनेल जवळपास फुकटात साठवतं आणि फाइल फारच लहान होते. पण तबकडीची खरखर जशीच्या तशी ठेवलेली असेल तर उलट होतं. खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तीच सगळी जागा खाते. दोन मिनिटांच्या पदाची फाइल अपेक्षेपेक्षा मोठी दिसली तर बिघाड समजू नका.

मैफलीच्या सीडींसाठी एक अडचण आधीच सांगतो. विलंबित पहिल्या ट्रॅकमध्ये, द्रुत दुसऱ्यात, मध्ये तंबोरा अखंड. फ्लॅकमध्ये हा सांधा कळत नाही. एमपी३ची प्रत्येक चौकट ११५२ मोजमापांची असते आणि गाणं त्या मापात बसवायला आगेमागे थोडी शांतता घालावी लागते. ती किती घातली हे लेम फाइलीत लिहून ठेवतं, पण गाडीतले बरेच स्टिरिओ ते वाचत नाहीत आणि तंबोरा मधेच श्वास घेतो. गाडीच्या प्रतीपुरते त्या रागाचे सगळे ट्रॅक जोडून एकच एमपी३ करा. फूबार२०००च्या रूपांतरात सगळे ट्रॅक एका फाइलीत घेण्याची सोय आहे.

पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला घ्या, जुन्या स्टिरिओंना दुसरी पद्धत कळत नाही. व्ही-२मध्ये चारशे सीडी सुमारे ३४ जीबी होतात, म्हणजे सगळ्या बसणार नाहीत. गाडीत चारशे सीडी लागत नाहीत. फाइलींची नावं ०१, ०२ अशी सुरू करा. एवढं करूनही क्रम उलटा वाजला तर स्टिरिओ नावाने नाही, कॉपी केल्याच्या क्रमाने वाजवतोय. पेनड्राइव्ह रिकामा करून एकेक फोल्डर क्रमाने टाका.

मुलीच्या आयफोनवरचं स्वतःचं म्युझिक ॲप फ्लॅक घेत नाही. तिला २५६चं एएसी (एमपी३सारखाच तोट्याचा, आयफोनवर चालणारा फॉरमॅट) करून द्या. किंवा तिने व्हीएलसी हे फुकट ॲप टाकलं तर मूळ फ्लॅकच वाजेल. ओपस हा नवा फॉरमॅट कमी जागेत सगळ्यांत चांगला आवाज देतो, व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप त्याच्यातच येतात. पण गाडीचे बहुतेक स्टिरिओ तो ओळखत नाहीत, म्हणून तुमच्या कामाचा नाही.

दिवसाला आठ-दहा सीडी धरल्या तर दीड-दोन महिने लागतील. सुरुवात कंपनीच्या सुबक सीडींनी करायचा मोह होईल. तो आवरा आणि आधी घरी राइट केलेल्या घ्या. छापील सीडीत मजकूर प्लास्टिकमध्ये ठसलेला असतो, राइट केलेलीत तो रंगद्रव्याच्या थरावर असतो. तो उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने फिकटत जातो. शिवाय त्या बाजारात पुन्हा मिळणार नाहीत.

हार्डडिस्क दोन घ्या. पहिलीवर काम करा, आठवड्याला एकदा दुसरीवर नक्कल. काम संपलं की दुसरी सांगलीबाहेर, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. २०१९ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. पेनड्राइव्हला साठवणीची प्रत मानू नका. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क जोडून फ्लॅक फाइलींची तपासणी चालवा. एकीवरची फाइल बिघडलेली निघाली तर दुसरीवरून घ्या.

सीडी काढून टाकू नका आणि विकूही नका. स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रत करण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ची सवलत आहे. पण सीडी विकून प्रत जवळ ठेवली की 'माझ्या सीडीची माझ्यासाठी प्रत' हे म्हणणं लंगडं पडतं. आणि ते न जुळलेले ट्रॅक आहेतच. पुढेमागे चांगला ड्राइव्ह हाती आला तर ते पुन्हा वाचायचे आहेत. सीडी उभ्या, उन्हापासून दूर, कोरड्या कपाटात ठेवा. खोक्यात फोमची चकती असेल तर ती काढून टाका, कालांतराने ती वितळून सीडीला चिकटते.